कोळसा, बादल्या आणि कुडपणच्या दोन जावा

कुडपणला लोक धबधबा बघायला जातात. मी बादल्या घेऊन गेले. नाचणीच्या शेतातून नायट्रस ऑक्साइड किती बाहेर पडतो, ते एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मोजायचं होतं. युरिया टाकला की मातीतले जिवाणू त्यातला थोडा नत्र या वायूत बदलतात, आणि हवा तापवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पुढे आहे. मातीत कोळसा मिसळला तर हा वायू कमी निघतो, असं म्हणतात. सगळ्याच मातीत नाही. कुडपणच्या मातीत काय होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. खरं तर कोणी विचारलंही नव्हतं.

जूनमध्ये मी गावातल्या पारूकाकीच्या नाचणीच्या शेतात एका तुकड्यात भाताच्या तुसाचा, कमी हवेत जाळलेला कोळसा मिसळला होता. त्याला लागून असलेला तुकडा तुलनेसाठी तसाच ठेवला होता. आता ऑगस्टात युरियाचा दुसरा हप्ता द्यायचा होता. वायूचा मोठा लोंढा त्यानंतर येतो. हे मोजमाप हुकलं तर प्रबंध वर्षभर पुढे जाणार होता, आणि शिष्यवृत्ती माझ्यासाठी थांबणार नव्हती.

पुण्याहून वरंध घाटाने महाड. पावसात निघण्याआधी घाट सुरू आहे का, ते स्टँडवर विचारा. चौकशीच्या खिडकीत नाही, कंडक्टरला. महाडला मिसळ खाल्ली. ती तिखट नव्हती, फक्त लाल होती. तिथून पोलादपूर आणि पुढे जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरण्याची व्याख्या ड्रायव्हरच्या स्वाधीन असते. भाडं बसण्याआधी ठरवा. एकदा घाट लागला की तुमच्याकडे दुसरा पर्याय नसतो.

समोरच्या आजोबांनी बादल्यांकडे बोट दाखवलं. "एवढ्या कशाला गो?"

"मातीतून वायू निघतो. त्यावर पालथ्या घालून पकडायचा."

आजोबांनी विचार केला. "म्हंजे जमीन पादते?"

"साधारण तेच."

"नि तू ते मोजाया पुण्यासून आलीस?"

"हो."

"आईबापाला ठाव हाय?"

अख्खी जीप हसली. मीही हसले असते, पण मांडीवर काचेच्या कुप्या होत्या.

कुडपणला ढग घरात येतात आणि कपडे वाळत नाहीत. जास्तीचे मोजे न्या. पारूकाकीने नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. त्या जेवणासाठी मी पुन्हा त्या जीपमध्ये बसेन. जेवून शेतावर गेलो. कोळशाचा तुकडा काळा दिसला. तुलनेचा तुकडाही काळा.

"काकी, हे काय?"

"उरलेलं पोतं हुतं ना तुझं? तण बेणताना घातलं."

"इथे घालायचा नव्हता. सांगितलं होतं मी."

"सांगितलंस गो." काकी जराही ओशाळली नाही. "पन येका पंगतीत येकाला वाढायचं नि दुसऱ्याचं पान रिकामं? माझ्या वावरात नाय चालायचं."

तुलना संपली होती. मी बांधावर बसले आणि पलीकडच्या तुकड्याकडे पाहिलं. तोच उतार, तीच तांबडी माती, तीच नाचणी. दोन भावांच्या वाटणीआधी ते एकच शेत होतं.

"त्या तिकडे कोळसा पडलाय?"

"तिच्यात?" काकीचा आवाज चढला. "माझ्या हातून तिच्यात शेणाची पाटीबी पडनार नाय!"

दुसऱ्यांचं भांडण ऐकून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

'ती' म्हणजे काकीची जाऊ, सोनाबाई. तिने माझं म्हणणं शांतपणे ऐकलं.

"मंजी तिच्यात वायू कमी, नि माझ्यात जास्ती?"

"बहुतेक."

"बरं झालं. कशात तरी मी जास्ती." मग डोळे बारीक करून म्हणाली, "पन तिची नाचनी फुगली तर मीबी कोळसा घालनार."

शास्त्रीय कारणं माझ्याकडे होती. काकीवर त्यांचा काय परिणाम झाला होता, ते मी नुकतंच पाहिलं होतं.

"सोनाबाई, तुमच्या तुकड्याचा उपास आहे. कापणीपर्यंत."

ती थबकली. उपासाच्या माणसाला आग्रह करायचा नसतो.

"कडक, का फराळाचा?"

"युरिया चालेल. तो मीच देईन, दोन्हीकडे सारखा. कोळसा वर्ज्य."

"मग ठेव बादल्या."

मी बादल्या पालथ्या घातल्या. वाटेने जाणाऱ्याने कोंबड्या डालल्यात का, असं विचारलं. सिरिंजने हवा ओढून कुप्या भरल्या. पुढच्या फेऱ्यांनाही तेच केलं. उपास मोडला नाही. कापणीच्या वेळी मी माती चाळून पाहिली. कोळशाचा कणही सापडला नाही.

आता पुण्यात आकडे समोर आहेत. काकीच्या कोळशाच्या तुकड्यातून सोनाबाईच्या तुकड्यापेक्षा कमी नायट्रस ऑक्साइड निघाला. एका हंगामावरून आणि बांधापलीकडच्या शेताशी तुलना करून मी याहून जास्त बोलणार नाही. तुलनेच्या ज्या तुकड्याला काकीने मायेने कोळसा वाढला, त्याचे आकडे गाळले.

प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी एकच शंका काढली. "शेजारणीने मधल्या काळात कोळसा घातला नाही कशावरून? लेखी काही आहे?"

"नाही सर. उपास होता."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुढचं पान उलटलं. त्यांच्या घरी संकष्टी असते.