सहा रात्री, सहा गावं

ती सकाळी मोटेलच्या पार्किंगमध्ये उभी होती आणि जुन्या टॉवेलने पाहुण्यांच्या बाइकवरचं दव पुसत होती. मोटेलची मालकीण, साठीची असेल. गळ्यात चष्मा, पायात गमबूट, शेजारी टॉवेलांची बादली.

मी आणि माझा मित्र मंदार स्कोफिल्ड्सहून आपापल्या बाइकने ऑस्ट्रेलियातलेच आल्प्स फिरायला निघालो होतो. मुक्काम मी निवडले होते, ऑफिसच्या सवयीने, एक्सेलमध्ये. रेटिंग, पार्किंग, मंदारच्या राइस कुकरसाठी किचन, सगळ्याचे रकाने. सहा रात्री, सहा गावं.

त्या दिवशी घाटात दाट धुकं होतं.

"आज राहा," ती म्हणाली. "उद्या डोंगर दिसेल. खोली रिकामीच आहे."

मी तिला फोनवरची शीट दाखवली. तिने चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली.

"मेट, तू डोंगर बघायला आलायस की खोल्या?"

मंदार हसला. त्याला राहायचं होतं, ते मला कळत होतं. तरी मी हेल्मेट चढवलं. तिने माझी काचही पुसून दिली. दिवसभर मला मंदारच्या बाइकचा मागचा दिवा सोडून काही दिसलं नाही.

मंदार आता डार्विनला असतो. गेल्या महिन्यात मी त्या मोटेलला फोन केला. एकट्यालाच, पण सलग चार रात्री राहायचं होतं. मोटेल विकलं गेलं होतं. मी तिची चौकशी केली. चष्मा, गमबूट, बादली, सगळं सांगितलं.

"नो वरीज, गावात विचारतो," नवा मालक म्हणाला. "नाव काय त्यांचं?"

माझ्या शीटमध्ये तो रकानाच नव्हता.