उनाचा बिस्किटांचा डबा

यारांबिन गावात सोनं शोधायला जाणारा माणूस खरी जागा सांगत नाही. कोणी विचारलंच तर म्हणतो, पेडलरच्या घळीत होतो. सगळेच तसं म्हणतात. पेडलरच्या घळीत शेवटचं सोनं कधी निघालं, ते गावात कोणालाही आठवत नाही. उना केसबी म्हणायची, "पेडलरला गेलो म्हणणारे सगळे खरंच तिथे गेले असते, तर एकमेकांच्या पायांवर उभे राहिले असते."

हे ती हसत हसत म्हणायची. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत.

तिचा नवरा क्लेम पवनचक्क्या दुरुस्त करायचा. रविवार मात्र त्याचा स्वतःचा. जमिनीतला धातू शोधणारा डिटेक्टर खांद्याला लावायचा, पाण्याची बाटली घ्यायची आणि रानात जायचं. एका रविवारी तो दारातून निघाला तेव्हा उना बटाटे सोलत होती.

"कुठे?"

"पेडलरला," क्लेम म्हणाला आणि त्याने डोळा मिचकावला.

तिनेही पुढे विचारलं नाही. बायकोनेही विचारू नये, अशी तिथली रीत होती.

तो संध्याकाळी आला नाही. पोलीस आले, आगीचा बंब घेऊन गावातली तरणी पोरं आली. तीन दिवस सगळ्यांनी पेडलरची घळ पायाखाली घातली. चौथ्या दिवशी सकाळी क्लेमचा जोडीदार नेव्ह टॉलिव्हर एकटाच उत्तरेकडे निघाला. आठ किलोमीटर. वाटेत कुठे थांबला नाही, इकडेतिकडे बघितलं नाही. खाणीच्या एका जुन्या विहिरीशी जाऊन त्याने हाक मारली. मग परत येऊन लोकांना बोलावलं.

डॉक्टर म्हणाले, पडल्यानंतर दोन दिवस तरी जिवंत असावा.

नेव्ह इतका सरळ कसा गेला, हे उनाने त्याला कधी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. गाव लहान. दोघं रोज एकमेकांसमोरून जायची. मान हलवायची.

चौतीस वर्षं उना शाळेची बस चालवत होती. एकही मूल चुकीच्या थांब्यावर उतरवलं नव्हतं. क्लेमला पुरल्यानंतरच्या महिन्यात तिने ओसरीवर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा ठेवला. रानात जाणाऱ्याने कागदावर खरी जागा लिहायची, पाकिटात घालून चिकटवायची. पाकिटावर नाव आणि परतायची वेळ. परत आलं की आपलं पाकीट न उघडलेलं घेऊन जायचं. अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर झाला, तरच उना ते उघडणार.

पहिलं वर्षभर डब्यात फक्त कोळी राहिला. "उना आता गावभराचं सोनं वेचणार," असं पबमध्ये लोक म्हणाले. मग कोणीतरी पाकिटाच्या झाकणाखाली डोक्याचा केस चिकटवून पाहिला. संध्याकाळी केस जागच्या जागी होता. आणखी दोघांनी तसंच केलं. हळूहळू डबा भरू लागला. रविवारी त्यात वीस-वीस पाकिटं असायची. यारांबिनमधली सगळी गुपितं एका म्हातारीच्या ओसरीवर, साधं कुलूपही न लावता. अकरा वर्षांत तिला एकही उघडावं लागलं नाही. एकदा एक जण उशीर झाला म्हणून मोज्यांवरच धावत आला होता.

फक्त नेव्हने कधी पाकीट ठेवलं नाही.

इलियास कार्वेलास जुलैत, तिकडच्या ऐन हिवाळ्यात आला. शेचाळीस वर्षांचा, मेलबर्नमध्ये ट्राम चालवणारा. मुलीने वाढदिवसाला त्याला डिटेक्टर भाड्याने घेऊन दिला होता. हातात वही, वहीत पट्टीने आखलेले रकाने. पहिल्याच सकाळी तो उनाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"बाई, लोक म्हणाले नवख्याने आधी तुम्हाला भेटावं."

"लोक शहाणे झाले म्हणायचे. परवाना काढलास?"

"काढला. छापून आणलाय. दोन प्रती."

"सरकारी जंगल कुठलं, राखीव कुठलं, खाजगी कुठलं, नकाशावर बघितलंस?"

"तीन रंगांत."

उनाने त्याच्या पायांकडे पाहिलं. "आणि हे बूट?"

"नवीन आहेत. पुढे लोखंडी टोपी आहे. दगड पडला तरी बोटं सलामत."

"वा. मग दिवसभर तुझं यंत्र तुझ्याच पायाचं सोनं शोधत बसेल."

इलियासने बुटांकडे पाहिलं. मग वहीत लिहिलं. उनाला त्या क्षणी तो आवडला. चूक कळल्यावर लिहून घेणारी माणसं तिने बसमध्ये फार पाहिली नव्हती.

तिने त्याला दुकानातून साधे चामडी बूट घ्यायला लावले. तळव्यावर बाणांची नक्षी असलेले तेवढेच त्याच्या मापाचे होते. माणशी चार लिटर पाणी. जास्तीची बॅटरी. शिट्टी. संकटात उपग्रहाला इशारा देणारं यंत्र पोस्टाशेजारी भाड्याने मिळतं, तेही घे म्हणाली. वहीत त्याने त्यापुढे लिहिलं, पुढच्या खेपेला.

दुपारी ती त्याला घरामागच्या माळावर घेऊन गेली. जमिनीत एक खिळा पुरला आणि शोधायला सांगितलं. तो तावातावाने यंत्र फिरवू लागला.

"अरे, झाडू मारतोयस का? बाळाच्या पाठीवरून हात फिरवतात तसं. हळू. जमिनीला लागून."

चौथ्या फेरीत यंत्र कण्हलं. इलियासने खिळा काढला आणि सोन्यासारखा तळहातावर धरला.

"आता खड्डा बुजव," उना म्हणाली.

"लगेच?"

"लगेच. इथे जमिनीला आधीच भोकं फार आहेत. दीडशे वर्षांची. गवत वाढलेलं असतं, वरून काही दिसत नाही. पाय टाकण्याआधी काठी टाकायची. आणि निघण्याआधी पाकीट टाकायचं. खरं लिहायचं. गावात सगळ्यांना खोटं सांग, मलाही तोंडाने खोटंच सांग. पण कागदावर खरं."

पुढच्या दोन शनिवारी तो येऊन गेला. पाकीट ठेवलं, वेळेआधी नेलं. दुसऱ्या शनिवारी त्याने तिला तांदळाच्या दाण्याएवढा सोन्याचा कण दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला आणि त्याला मांसाचं सारण भरलेली गरम पेस्ट्री खायला घातली. त्याने ती उभ्यानेच खाल्ली. आनंदाने बसवत नव्हतं त्याला.

तिसऱ्या शनिवारी पाकिटावर लिहिलं होतं, दुपारी तीन.

तीन वाजले. उनाने ओसरीवर खुर्ची आणली. सव्वातीन. रस्त्यावर कोणी नव्हतं. कुंपणाच्या तारेवर मॅगपाय पक्षी ओरडत होता. जुलैत साडेपाचलाच अंधारतं आणि रात्री रानात पाणी गोठतं. साडेतीन वाजता ती आत गेली, भाजीची सुरी घेऊन आली. हात धुतले. का धुतले, ते तिलाही कळलं नाही. मग पाकीट कापलं.

आत लिहिलं होतं, पेडलरची घळ. खाली नकाशा होता. पट्टीने काढलेला.

उनाने कागद गुडघ्यावर पसरला. पुन्हा वाचला.

मग तिने चाळीस किलोमीटरवरच्या पोलिसांना फोन केला. पलीकडचा पोरगा सभ्य होता. तो म्हणाला, गाडी निघते, दीड तासात पेडलरला पोचेल.

"तो तिथे नाहीये."

"पण बाई, त्याने स्वतः तसं लिहिलंय ना?"

उनाने फोन ठेवला. इलियास असा माणूस नव्हता. त्याला कोणीतरी शिकवलं होतं, आणि ते शिकवणारी शाळा यारांबिनमध्ये एकच होती. ती शंभर पावलांवर होती.

शनिवारची दुपार, पब भरलेला. पडद्यावर फुटबॉल चालू. उना आत आली तसे दोन-तीन जण वळले. क्लेम गेल्यापासून ती इथे आली नव्हती. तिने कागद गल्ल्याशेजारी ठेवला.

"ट्रामवाला परतलेला नाही. पाकिटात पेडलर लिहिलंय. हे त्याला कोणी सांगितलं?"

कोणीतरी पडद्याचा आवाज बंद केला.

कोपऱ्यातून नेव्ह टॉलिव्हर हसल्यासारखं करत म्हणाला, "अगं, गंमत केली होती. म्हटलं, गड्या, पाकिटातसुद्धा खरं लिहू नकोस, म्हातारीचं नाक तिखट आहे. शहरातला माणूस. तो खरंच तसं करेल असं कोणाला वाटलं?"

"तो सगळं लिहून घेतो, नेव्ह."

 नेव्हने ग्लास उचलला आणि परत ठेवला. तो बहात्तर वर्षांचा होता. लग्न केलेलं नव्हतं. गावाबाहेर पत्र्याची खोली, एक पिकअप, आणि रानात कुठेतरी चाळीस वर्षं जपलेली एक जागा. ती कुठे आहे हे क्लेमलाही माहीत नव्हतं.

उना त्याच्याकडे पाहत होती. त्याचा अंगठा ग्लासच्या कडेवरून फिरत होता. हे तिने आधी एकदा पाहिलं होतं. पेडलरच्या घळीत, तिसऱ्या दिवशी, लोक चहा पीत उभे होते तेव्हा. हाच अंगठा, टिनाच्या मगावर.

ती त्याच्या टेबलाशी गेली. बसली नाही.

"या वेळी किती दिवस, नेव्ह?"

ती हळू बोलली होती. तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

नेव्हच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. त्याला जायला वेळ लागला. खाली टेबलाकडे बघत तो म्हणाला, "गेल्या रविवारी माझ्या जागेवर बुटांचे ठसे होते. नवे बूट. तळव्याला बाण." मग म्हणाला, "माझी गाडी पाण्याच्या टाकीमागे उभी असते. त्याने ती बघितली असणार. चालत मागोवा काढला असणार."

"कुठे?"

आता पबमध्ये तीसेक माणसं होती. त्यातल्या अर्ध्यांनी नेव्हच्या मागावर कधी ना कधी रविवार घालवला होता. नेव्हने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग उभा राहिला, टेबलाला धरून, आणि शाळेत धडा म्हणावा तसं मोठ्याने म्हणाला, "टाकीपासून पूर्वेला. कोरडा ओढा दोनदा ओलांडायचा. आयर्नबार्कच्या तीन झाडांपाशी पांढऱ्या गारगोटीचा पट्टा लागतो. त्याच्या वरच्या अंगाला. तिथे दोन विहिरी आहेत. एकीवर मी फांद्या टाकल्यात. कोणाला दिसू नये म्हणून."

 सगळे एकदम खुर्च्या सरकवू लागले.

ते पोचले तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यावर होतं. पाच गाड्या, दोर, शिडी. नेव्ह सर्वांत पुढे चालत होता, उना त्याच्यामागे. एका ठिकाणी त्याने हात वर केला. सगळे थांबले.

जमिनीखालून आवाज येत होता. हाक नव्हती. कोणीतरी सावकाश, एका सुरात बोलत होतं.

"पुढचा थांबा पोस्ट ऑफिस. पुढचा थांबा ग्रंथालय. पुढचा थांबा बाजार."

फांद्या मधोमध मोडल्या होत्या. उना पोटावर झोपली आणि तिने खाली पाहिलं. तीन पुरुष खोलीवर एका कपारीवर इलियास अडकला होता. एक पाय भलत्याच दिशेला. त्याच्याखाली अजून काळोख होता, किती ते दिसत नव्हतं.

"इलियास."

आवाज थांबला. मग तो म्हणाला, "बाई, मी झोप येऊ नये म्हणून... शेवटच्या थांब्यापर्यंत चार वेळा गेलो." आणि थोड्या वेळाने, "मी खोटं लिहिलं."

"माहीत आहे. बोलत राहा. पुढचा थांबा कुठला?"

त्याला वर काढायला पाऊण तास लागला. दोर नेव्हने कमरेला बांधला होता. तळवे सोलून रक्त आलं तरी त्याने तो दुसऱ्याच्या हाती दिला नाही. इलियासला गाडीत घातलं तेव्हा त्याची वही खिशातच होती, ओली. उनाने स्वतःचा कोट काढून त्याच्यावर घातला. परतताना ती आणि नेव्ह वेगवेगळ्या गाड्यांत बसली.

पुढच्या रविवारी तीन आयर्नबार्कच्या झाडांपाशी सव्वीस गाड्या उभ्या होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी चाळीस. बाहेरगावचेही आले. नेव्हने चाळीस वर्षं चमच्याचमच्याने काढलेलं सोनं लोकांनी दोन आठवड्यांत उकरून नेलं. यारांबिनची माणसं खड्डे बुजवतात. या वेळी कोणी बुजवले नाहीत. घाई होती.

मंगळवारी सकाळी उना तिकडे गेली. क्लेमचं फावडं तिच्या खांद्यावर होतं. वॉटलच्या झाडांना पहिली पिवळी फुलं आली होती. सगळा उतार देवीच्या व्रणांसारखा दिसत होता. मधोमध नेव्ह एकटा वाकून खड्ड्यांत माती लोटत होता. तळव्यांना फडकी बांधलेली. विहिरीभोवती त्याने खांब रोवून तार ओढली होती. तारेला लाल चिंधी.

त्याने उनाला पाहिलं आणि तो सरळ उभा राहिला. 

"मंगळवारी," तो म्हणाला. "क्लेमच्या वेळी. मंगळवारी मी रात्रभर..."

उनाने फावडं खाली टेकवलं. अकरा वर्षं तिला हेच ऐकायचं होतं. आता तो सांगायला निघाला होता.

"आधी हा बुजवू," ती म्हणाली. "मग सांग. सगळं सांग. पण आधी हा."

तिने माती लोटली. पलीकडून त्यानेही लोटली. खड्डा भरल्यावर दोघांनी तो पायाने दाबला. मग उना पुढच्या खड्ड्याच्या काठावर बसली, फावडं मांडीवर आडवं घेतलं, आणि म्हणाली, "हं. त्या रविवारपासून सुरू कर."