खोक्यातलं झाड

लाकडाच्या वखारीत त्यांना सगळे पारखी म्हणत. खरं आडनाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. आलेलं लाकूड बघायचं, बोटाच्या पेराने वाजवायचं, हुंगायचं आणि खडूने खूण करायची. एक रेघ म्हणजे दारं-खिडक्यांना चालेल, दोन रेघा म्हणजे खोक्यांना, फुली म्हणजे जाळायला. ओंडका वरून कितीही ठणठणीत दिसो, आत बुरशी धरली असेल तर पारखी तो चिरायच्या आधीच सांगत. "आंबूस येतोय," एवढंच म्हणत आणि फुली मारून पुढे जात. चिरल्यावर आत काळा डाग निघे. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "ओलावा मोजायचं यंत्र आहे आमच्याकडे. पण ते कपाटात असतं. बाहेर पारखींचं नाक असतं."

बाकी माणूस अगदी नाकासमोर चालणारा. जेवणाच्या सुट्टीत डबा, मग वर्तमानपत्र, सहाला घरी. भांडण नाही, नाद नाही. हट्ट होता तो फक्त नाताळच्या झाडाचा.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, लिफ्ट नसलेलं. तरी झाड खरंच हवं. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी चौकामागच्या मोकळ्या जागेत झाडवाला झाडं मांडून बसे. पारखी प्रत्येक झाडाजवळ जाऊन दोन सुया चुरगाळत आणि नाकाशी धरत. असं चाळीस-पन्नास झाडांना.

"अहो पारखी, झाड घेताय की मुलगी बघायला आलाय?" झाडवाला दरवर्षी विचारी.

"मुलगी बघायला एवढा वेळ लागला नव्हता," हे पारखींचं ठरलेलं उत्तर.

मग झाड सुतळीने आवळून खांद्यावर, बासष्ट पायऱ्या वर. ओल्या वाळूच्या बादलीत ते उभं राही आणि दोन्ही खोल्या वासाने भरून जात. पारखींची बायको पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. तिचं म्हणणं असं, की या घरात तिच्या सुया हरवतात आणि झाडाच्या सुया सापडतात. मार्चमध्ये गादीखाली, मे महिन्यात साखरेच्या डब्यात. ती कुरकुरायची, पण बादलीत रोज सकाळी पाणी तीच घालायची.

पंचावन्नाव्या वर्षी, एप्रिलमध्ये, पारखी तापाने आडवे झाले. डोकं जड, नाक बंद, दहा दिवस अंथरुणात. अकराव्या दिवशी कामावर गेले. नुकतीच चिरलेली देवदाराची फळी उचलून नाकाशी नेली. काही नाही. दुसरी उचलली. भुशाचा मूठभर चुरा घेतला. काचेच्या ग्लासाला येईल तेवढाच वास. सर्दी उतरायची आहे अजून, असं म्हणून त्यांनी खडू उचलला.

सर्दी उतरली. वास आला नाही. मे गेला, जून गेला.

त्यांनी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. पारख्याचं नाक गेलं म्हटल्यावर वखारीत त्याचं काय काम उरतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. ते अर्धा तास आधी येऊ लागले. कपाटातलं यंत्र काढायचं, लाकडांना लावायचं, आकडे लक्षात ठेवायचे, यंत्र पुसून जागच्या जागी. मग सगळे आले की नेहमीसारखं वाजवायचं, हुंगायचं आणि रेघ ओढायची. यंत्र ओलावा सांगे, पण आतली बुरशी सांगत नसे. ऑक्टोबरात एका दारं बनवणाऱ्याने चार फळ्या परत पाठवल्या. एक रेघ मारलेल्या, आतून काळ्या.

मालकांनी फळ्या दाखवल्या. "तुमच्या हातून, पारखी?"

"सर्दी होती."

"एप्रिलपासून?"

पारखींनी खिशातला खडू चाचपला. फळ्या दोन दिवस मालकांच्या टेबलाशेजारीच उभ्या होत्या.

त्या वर्षी डिसेंबरात त्यांनी झाडवाल्याकडचा सगळा कार्यक्रम नेहमीसारखा केला. सुया चुरगाळल्या, डोळे मिटले, मान हलवली आणि बत्तिसावं झाड उचललं, कारण बत्तीस झाडं बरीच झाली असं वाटलं. संध्याकाळी मुलगी कामावरून आली. ती दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळा देण्याचं काम करायची. दारातूनच ओरडली, "आलं! बाबा, जिन्यातच वास आला!"

"येणारच," पारखी म्हणाले. ते झाडासमोर खुर्ची टाकून बसले होते. झाड हिरवंगार होतं, ताजं होतं आणि भिंतीवरच्या चित्रातल्या झाडाइतकं गप्प होतं. बायको आत कणीक मळत होती. तिने एकदा बाहेर डोकावून बघितलं आणि परत आत गेली.

पुढच्या वर्षी नोव्हेंबर संपता संपता, चहा पिताना, त्यांनी सांगून टाकलं. "यंदा झाड खोक्यातलं आणू या."

मुलीचा कप हातातच राहिला. "प्लास्टिकचं? तुम्ही? शेजारच्या काकूंनी आणलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात आठवतं का? 'झाड आहे की बाटल्या धुवायचा ब्रश!'"

"बासष्ट पायऱ्या आहेत. माझे गुडघे साठीला आले."

"तुम्ही छप्पन्नचे आहात."

"गुडघे मोठे आहेत माझ्यापेक्षा. शिवाय आईची झाडलोट वाचेल. साखरेत सुया नकोत."

मुलीने आईकडे बघितलं. आजवर सुयांवरून नाक मुरडणारी आई आता साथ देईल किंवा निदान टोमणा तरी मारेल, असं तिला वाटलं. आई म्हणाली, "आणू दे त्यांना," आणि कप उचलून मोरीत ठेवले.

खोकं आलं. आत लोखंडी दांडा तीन तुकड्यांत, प्लास्टिकचा पाय आणि चुरगळलेल्या फांद्यांचे जुडगे. प्रत्येक फांदीच्या बुडाला रंगाचा ठिपका होता: लाल खाली, मग पिवळा, मग निळा. पारखींनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून रंगांप्रमाणे ढीग केले. एक एक फांदी सरळ केली, टोकं पिंजून फुलवली. दीड तास लागला. कुठे पोकळ दिसू नये म्हणून लांब फांद्या भिंतीकडे न लावता दाराकडे लावल्या. काम चोख होतं.

मुलगी अजून नाराज होती. दोन दिवसांनी तिने पर्समधून एक छोटी बाटली काढली. "दुकानात मिळाली. देवदाराचा अर्क आहे. फांद्यांवर शिंपडला की खऱ्यासारखा वास येतो म्हणे. तुम्हाला झाडाशिवाय चैन पडणार नाही, मला माहीत आहे." ती स्टुलावर चढली, बाटली फांद्यांवरून इकडून तिकडे फिरवली. "हं. आला का?"

पारखींनी पुढे वाकून लांब श्वास घेतला. "व्वा. अगदी देवदार. चांगला जुना देवदार."

मुलगी स्टुलावरच थांबली. बाटली तिने नीट बघितली. झाकणावरचं प्लास्टिकचं सील तसंच होतं. तिला वाटलं होतं वरचं बटण दाबलं की तुषार उडतात, पण ते दाबलं गेलंच नव्हतं.

"बाबा," ती हळू म्हणाली, "अजून उघडलेलीच नाही."

पारखींनी हात नाकाकडे नेला आणि मध्येच खाली घेतला. मुलगी खाली उतरली. "म्हणजे तुम्हाला..."

"गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

दोघंही तिच्याकडे वळली. "तुला माहीत होतं?" पारखी म्हणाले.

"दूध करपून काळं झालं होतं, आणि तुम्ही दोन हातांवर पेपर वाचत बसला होतात. एकदा नाही, तीनदा. कांदा नासला तरी तुम्ही वाढला तसा खाल्लात. आणि इतकी वर्षं माझ्या हातच्या आमटीत नाक खुपसून 'आज हिंग कमी' म्हणणारा माणूस गप्प झाला. कळणार नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." तिने पदराला हात पुसले. "गॅसचं बटण मात्र मी रोज निघताना खालून बंद करून जात होते. दुकानात दुपारची वेळ मागून घेतली ती त्यासाठीच. सकाळी तुम्ही निघेपर्यंत मी घरात असते."

पारखींना हे ठाऊक नव्हतं. दुकानातली गर्दी वाढली म्हणून वेळ बदलली, असं तिने सांगितलं होतं आणि त्यांनी ते तसंच मानलं होतं. ते खुर्चीवर बसले. नंतर मुलीला आठवत राहिलं ते त्यांचं रडणं नाही, कारण ते रडले नाहीत. आठवला तो त्यांनी विचारलेला प्रश्न. "अंगाला भुशाचा वास येतो का गं माझ्या? मला कळत नाही. मी दोनदा आंघोळ करतो."

"येतो," बायको म्हणाली. "एकदा करा. पाणी कमी लागेल."

मुलीने ओळखीतून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टरांनी बघितलं, चार बाटल्या हुंगायला दिल्या आणि दीड वर्ष झालं म्हणजे आता आशा कमीच, असं स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या दिवशी पारखी सगळे यायच्या आधी मालकांच्या खोलीत गेले आणि कपाटाच्या चावीसकट सगळं सांगून मोकळे झाले.

मालकांनी पेन खाली ठेवलं. "यंत्रावरची धूळ रोज कोण पुसतं, हे मी विचारणारच होतो," ते म्हणाले. "हात शाबूत आहेत ना?"

"आहेत."

"मग उद्यापासून चिरलेला माल बघा. रंग, गाठी, रेषा. न चिरलेल्याला फुली मारायची नाही." पगार तोच राहिला. पारखी हे नावही राहिलं, फक्त म्हणताना लोक थोडं थांबू लागले, आणि वर्षभराने तेही बंद झालं.

पुढच्या डिसेंबरात बायकोने विचारलं, "खरं झाड आणायचं का? वास आम्हाला तर येतो."

"तुम्हाला हवं असेल तर आणू. मी उचलतो."

तिने विचार केला. मार्चमधली गादी आठवली असावी. "नको," ती म्हणाली. "मला आता हे सोयीचं वाटायला लागलंय." मुलीने तोंड वाकडं केलं; पण त्या वर्षी लाल ठिपक्यांचा ढीग तिनेच केला.

चौथ्या वर्षी झाडाचा प्लास्टिकचा पाय तडकला आणि झाड कललं. पारखींनी वखारीतून ओकचा एक तुकडा मागून आणला आणि रविवारी गॅलरीत बसून चार पायांची बैठक केली: मध्ये दांड्यापुरतं भोक, कडा गोल, खाली पुसटसं मेण. शेजारच्या काकूंनी ती बघितली आणि आपल्यासाठीही मागितली. मग खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेने, मग मुलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी. निवृत्तीच्या वर्षी अशा अकरा बैठका झाल्या. पारखी लाकूड स्वतः निवडत, अंगठा फिरवून, उन्हात तिरकं धरून. एखाद्या तुकड्याबद्दल शंका आली तर बायकोला हाक मारत. ती शिवण बाजूला ठेवून यायची, तुकडा नाकाशी धरायची आणि म्हणायची, "मला विचाराल तर बरा आहे. पण मी पडदेवाली."

"आंबूस नाही ना?"

"नाही."

मग ते करवत उचलत.