मंडपातलं मतदान

अयोध्या नगरातल्या आमच्या गणेश मंडळाची मी अध्यक्ष होते, आणि त्याचा मला जरा माजच होता. जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेली बाई मी. सभा कशी घ्यायची हे मला कोण सांगणार?

मंडपातली लाइट दरवर्षी एकच माणूस लावायचा. माझ्या नवऱ्याबरोबर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते ते. मुसलमान. मी त्यांना भाईसाहब म्हणायची, ते मला भाभी. स्थापनेला आरतीआधी बटण त्यांनीच दाबायचं आणि पहिला मोदक त्यांच्याच हातावर ठेवायचा, अशी आमची पद्धत. "भाभी, इस बार गुड़ कम है," म्हणत दुसरा घ्यायचे. लबाड!

गेल्या वर्षी सभेत चार-पाच जण उठले. मंडपात फक्त आपल्या धर्माची माणसं हवीत म्हणे. मी म्हटलं, "अरे, इतकी वर्षं बाप्पाला चाललं, तुम्हालाच काय धाड भरली?" कुणी ऐकेना. माझं डोकं फिरलं. "ठीक आहे, मतदान घेऊ. लोकशाही आहे ना!" म्हटलं, आपलीच तर माणसं. प्रत्येकाच्या घरचा गिझर भाईसाहबांनी दुरुस्त केलेला.

त्यांना मंडपात नको म्हणून भराभर हात वर गेले. ज्या शेजारणीच्या मुलीच्या लग्नाचा मांडव त्यांनी उजळला होता, तिनेही खाली बघत हात वर केला. "विरोधात कोण?" मी विचारलं. एकही हात नाही. मी आपली कागद धरून उभी.

माणसाला माणसात ठेवायचं की नाही, हे मतावर टाकायचंच नसतं. काही हक्कांना बहुमतानेही हात लावायचा नसतो, हे वर्गात घसा फोडून शिकवलं होतं मी. आणि वेळ आली तेव्हा मतदान घ्यायची अक्कल माझीच!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी चहा पुढे केला, सगळं ऐकून घेतलं.

"और आपका हाथ, भाभी?"

"अध्यक्ष वोट नहीं देता," मी म्हटलं. आमच्या मंडळाचा नियम तसाच होता.

"हाँ, नियम तो है," ते म्हणाले, आणि माझ्यापुढे बिस्किटं सरकवली.

स्थापनेच्या सकाळी ते आले. मंडपात पाऊल टाकलं नाही. रस्त्यावरूनच नव्या लाइटवाल्याला सांगत होते, "अर्थिंग देख लेना, बच्चे पाइप पकड़ते हैं." तेवढं सांगून स्कूटर वळवून गेले.

संध्याकाळी बटण कुणी दाबायचं, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मात्र हात लगेच वर गेला माझा. दिवे लागले, टाळ्या पडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सभेत एवढाच तर उचलायचा होता तो.