पन्हळी पाडलेली नळी

शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होतील आणि अक्षरही वाकडं आहे, त्याची माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. वाचणारं घरात कोणी नाही, तरी लिहायला बसलं की लाज वाटते.

आमच्या यांचं धुळ्याला बंदूक दुरुस्तीचं परवान्याचं दुकान होतं. मी तिथे कधी तोंड उघडलं नाही. डबा ठेवायचा आणि परत यायचं. पण जेवताना ते मला सगळं सांगायचे. मूलबाळ नव्हतं, दिवसभराचं कामच आमच्या दोघांत येऊन बसायचं.

अमळनेरकडचे एक नाना नेमबाजीच्या स्पर्धांना जात. त्यांची रायफल जड होती. नळीवर बाहेरून लांब पन्हळी पाडलेल्या रायफली त्यांनी मोबाइलवर पाहिल्या आणि तसंच करून द्या म्हणून हट्ट धरला.

हे म्हणाले, "नाना, वजन उतरेल, नळी जरा लवकर निवेल. नेम सुधारणार नाही. बिघडलाच तर बिघडेल."

"मिस्त्री, तू म्हातारा व्हयना. हात कापतस का तुना?"

या टोमण्यावर यांनी काम घेतलं.

पोलाद बाहेरून कमी केलं तर आत काय बिघडतं, असं मी विचारलं. त्यांनी माझं पापडाचं लाटणं उचललं. ते त्यांनीच करून दिलेलं. "हे आधी सरळ होतं. रेघा पाडल्या आणि वाकलं. आत ताण कोंडलेला असतो, वरचा थर काढला की सुटतो. पोलादाचंही तसंच. फक्त नळीचा बाक ती तापल्यावर कळतो."

तसंच झालं. मैदानावर पहिल्या गोळ्या एकाच जागी बसल्या. नळी तापत गेली तशा पुढच्या उजवीकडे वर सरकत गेल्या. निवली की पुन्हा ठीक. स्पर्धेला ती काही कामाची राहिली नाही, नानांना नवी नळी मागवावी लागली. हट्ट माझा होता, तिचे पैसे तुमच्याकडून नकोत, असं नाना म्हणाले. यांनी ऐकलं नाही. "हात माझा लागलाय." पहिला हप्ता देऊन आले, आणि त्याच हिवाळ्यात छातीत दुखून गेले.

दुकान बंद झालं. मी जळगावला एक खोली घेतली आणि पापड लाटायला लागले, त्याच वाकड्या लाटण्याने. पापड एका बाजूला पातळ होतो, तो हाताने सावरून घेते. जमतील तसे पैसे घेऊन एसटीने नानांकडे जायची. ओट्यावर ठेवायची आणि मान खाली घालून बसायची. नाना चहा सांगत आणि यांच्या गोष्टी काढत. "मिस्त्री हट्टमा मना बी बाप व्हता, वहिनी." मी पदरात हसायची. यांचं बोलणं निघेल असं दुसरं घर मला उरलं नव्हतं. पुढे पुढे गाठीला जास्त असले तरी मी थोडेच नेऊ लागले.

तरी ते संपलेच. परवा शेवटचे दिले. नानांनी ते कपाळाला लावले. "आते बठ्ठा फिटना. तरी येत ऱ्हाय."

मी मान हलवली. पण काम नसताना कुणाच्या दारात जाणं मला कधी जमलं नाही. परतीच्या एसटीत खिडकीशी बसले. पैसे पूर्ण फिटले.