चौदावा किलोमीटर

बांधकाम खात्यात सगळे तिला मीटरमावशी म्हणत. दांड्याचं मोजचाक रस्त्यावरून ढकलत चालायचं आणि त्यावरचा आकडा वहीत उतरवायचा, हे काम तिनं एकतीस वर्षं केलं. शहराबाहेरचा महामार्ग तर तिच्या पायांखालूनच मोठा झाला. तो बंदरापर्यंत चाळीस किलोमीटर जायचा होता. सत्ताविसाव्यावर निधी आटला आणि रस्ता सिमेंटच्या गोदामाच्या फाटकापाशी थांबला. "गोदामाची काय ऐट आहे बघा, दारात महामार्ग!" मावशी म्हणायची.

किलोमीटरच्या तेराव्या आणि चौदाव्या दगडांच्या मधे तळ्याला वळसा घालणारं एक वाईट वळण होतं. ते काढून टाकायची फाईल नऊ वर्षं धूळ खात पडली होती. मावशीची लेक तिथे स्कूटरच्या अपघातात गेली, आणि चार महिन्यांत रस्ता सरळ झाला. तीनशे साठ मीटर कमी भरले. पुढचे सगळे दगड उपटून सरकवणार कोण? तेव्हाचे साहेब म्हणाले, "राहू दे चौदावा किलोमीटर आखूड."

तो अकरा वर्षं तसाच राहिला. मावशीला तो तसाच हवा होता. इथे काहीतरी कमी आहे, हे निदान रस्त्याला तरी ठाऊक होतं.

नव्या साहेबांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. "मावशी, लोक दगडाचा नंबर सांगून रुग्णवाहिका बोलावतात. गाडीचं यंत्र खरं अंतर धरतं, म्हणून ती पुढे जाऊन शोधत बसते. सगळं नव्यानं मोजा."

मावशीनं चाक बाहेर काढलं. कुणाची तरी लेक तिथे वाट बघत पडलेली असेल.

तिनं मोजलं. वही चाळताना साहेब थबकले. "चौदावा पुरा हजार मीटर? चाक बिघडलंय की काय?"

"चाकाला काय धाड भरलीय?" मावशी आकड्याकडे बघत राहिली. तळ्यापाशी पाय आपोआप जुन्या वळणाकडे वळले होते. उखडलेल्या डांबरावरून, गवतातून ती चाक ढकलत गेली होती. "मीच जुन्या रस्त्यानं गेले, साहेब."

साहेबांचा आवाज खाली आला. "राहू द्या. दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो."

"नको. काम माझं आहे."

दुसऱ्या दिवशी ती नाकासमोर चालली. तळ्याकडे मान वळवली नाही. सहाशे चाळीस.

पंधरा दिवसांत दगड पुढे सरकले आणि रस्ता आता पुरा सत्तावीस भरत नसल्यानं शेवटचा, सत्तावीस नंबरचा, उरला.

"तो जुन्या वळणावर लावला तर?" मावशीनं विचारलं.

"रस्ताच नाही तिथे, मावशी. कोण जातंय तिकडे?"

"मी जाते."

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. दगड ट्रकमध्ये चढला आणि खात्याच्या आवारात जाऊन पडला.

घरी नवऱ्यानं विचारलं, "झालं का मोजून?"

"झालं," चपला काढत ती म्हणाली. "आता कुठेच काही कमी नाही."