कोरलेलं नाव

इडेल क्राउझनं चाळीस वर्षं लेथवर काढली, आणि त्याचे पांग तिच्या रॉकेट-क्लबानं फेडले ते असे.

कॅन्ससमधल्या कापणी झालेल्या गव्हाच्या रानात ही हौशी मंडळी दर महिन्याला रॉकेटं उडवतात. इंधन जळतं ते अ‍ॅल्युमिनियमच्या नळकांड्यात, आणि नळकांडी इडेल घडवते. कुणी पोलादी पाइप घेऊन आला तर ती त्याला दारातूनच वाटेला लावते. अ‍ॅल्युमिनियम दाबानं फुटलं तर बहुतेक वेळा नुसतं उकलतं. पोलादाच्या ठिकऱ्या होतात आणि माणसाच्या अंगात घुसतात. नखाला लागेल एवढा ओरखडा दिसला तरी तिच्याकडे नळकांडं भंगारात जातं, कारण तडा तिथूनच जातो. हे तिनं या लोकांना किती वेळा सांगितलं असेल!

आणि या शहाण्यांनी काय करावं? पॉलिश करतो म्हणून तिचं सगळ्यात मोठं नळकांडं नेलं आणि त्याच्या पोटावर मशीननं तिचं नाव खोल कोरून आणलं. सत्काराची भेट! वर अध्यक्ष ड्वेननं जाहीर केलं की दुपारी हेच उडवायचं. फोटो चांगले यावेत म्हणून खुर्च्याही त्यानं नेहमीच्या सुरक्षित रेषेच्या बऱ्याच पुढे, रॉकेटाजवळ मांडल्या होत्या.

इडेलनं अक्षरात नख घातलं. ते बुडालं. नळकांड्याची भिंत निम्मीसुद्धा उरली नव्हती.

"हे उडणार नाही," ती म्हणाली.

"अगं, तुझ्या हातचं आहे. त्याला काय धाड भरलीय?" ड्वेन म्हणाला.

"माझ्या हातचं तुम्ही खरवडून टाकलंत."

मागून कुणीतरी पुटपुटलं, म्हातारी भावुक झालीय. इडेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं तिच्या टेबलाशी बसून केक खात तिच्या बोलण्यावर माना डोलावल्या, आणि डोक्यात काही म्हणजे काही शिरलं नाही!

ती गाडीतून हातपंप घेऊन आली. नळकांड्याची दोन्ही तोंडं बंद करून तिनं ते पाण्यानं भरलं. पाण्याच्या दाबानं फुटलं तर माणूस फक्त भिजतो. ही चाचणी सगळ्यांना ठाऊक होती, आज कुणाला आठवली नव्हती. पंप तिनं ड्वेनच्या हातात दिला.

ड्वेननं हसत हसत दाब वाढवला. सुई नेहमीच्या खुणेच्या निम्म्यावरही गेली नव्हती, तेवढ्यात फट्‌ झालं आणि त्याची पँट भिजली. नळकांडं नावाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत उकललं होतं.

"पुढच्या खुर्चीत कोण बसलंय, बघ," इडेल म्हणाली.

त्याची बायको बसली होती, मांडीवर नात घेऊन.

"माझं नाव लावून तुम्ही त्यांना मारणार होतात ड्वेन, आणि मी टाळ्या वाजवाव्यात अशी तुमची अपेक्षा होती."

 ड्वेन गेला आणि खुर्च्या उचलून मागे नेऊ लागला.